जमिनीतली माशी, समुद्रातली पेशी

मेलवीथी, तंजावूर
१९ जानेवारी १९५८

चिरंजीव वैद्यनाथास बाळकृष्णरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. पोंगल चांगला झाला. मंडपमच्या खाऱ्या वाऱ्यात तुझं जेवण कसं होत असेल, ही तुझ्या आईची काळजी. मी तिला म्हटलं, वरून मीठ घालावं लागत नसेल, एवढंच. शिरस्तेदारी सोडून मला दोन वर्षं झाली, तरी सकाळी दहाला पाय कचेरीकडे वळतात. मग मी त्यांना दारच्या ओट्यावर, तिण्णैवर बसवतो नि पेपर वाचतो.

चि. सौ. नागलक्ष्मी खुशाल आहे. परवा तिनं हळूच विचारलं, "मामंजी, त्यांना मी तमिळ अक्षरांत पत्र लिहू का? मज तेवढीच येतात." मी सांगितलं, बाई, बोलताना तमिळ किती का मिसळेना, ह्या घरची पत्रं नागरीतच जातात, आणि आलेलं पत्र मी हॉलमध्ये सगळ्यांना वाचून दाखवतो. माझ्या आजोबांपासूनचा हा रिवाज आहे. तिरुवैयारुला तिच्या वडिलांनी तिला तमिळ शाळेत घातलं नि नागरी शिकवलीच नाही, त्याला मी काय करू? तेव्हा ती सांगते, मी लिहितो. खालचा मजकूर तिचा समजावा.

"मागल्या परसात, कोल्लैत, धुण्याच्या दगडापाशी जमिनीला भोकं पडलीत. मी आधी मुंग्यांची समजले. मग त्यांतनं एक माशी निघाली, मधमाशीसारखीच, अंगावर करडी लव. एकटीच माती उकरते, मदतीला कुणी येत नाही. पायांना पिवळं काही माखून परत येते नि सरळ आपल्याच भोकात शिरते. तिथे तीसेक भोकं असतील, पण चुकत नाही. आत्याबाई (म्हणजे तुझी आई) म्हणतात, शेणानं सारवून टाक. मी त्या जागेपुरतं सोडून सारवते. त्यांना विचारा, ती आत काय करते?"

(एवढं सांगताना तिला दोनदा पाणी प्यावं लागलं. सासऱ्याला मजकूर सांगणं सोपं नाही, हे मलाही समजतं.)

बाळकृष्णराव


मंडपम
२७ जानेवारी १९५८

तीर्थरूप अप्पांस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. क्वार्टर्सच्या यादीत माझा नंबर सातवा आहे. पुढचे सहाजण धडधाकट असून कुणाचीही बदली व्हायची चिन्हं नाहीत. म्हणजे नागलक्ष्मीला इथे आणणं वर्षभर तरी जमेलसं दिसत नाही.

चि. सौ. नागलक्ष्मी हिस: त्या जागेवर सारवलं नाहीस, फार बरं केलंस. ही एकटी राहणारी मधमाशी. हिला पोळं नाही, राणी नाही, नोकरचाकर नाहीत. प्रत्येक मादी आपलं बीळ आपण खणते. तळाशी छोटीशी खोली करते, ओल लागू नये म्हणून आतून लिंपते, पराग नि मध कालवून लाडू वळते, त्यावर एक अंडं घालते आणि दार मातीनं बुजवून टाकते. सहसा चावत नाही. बिनधास्त बघत जा.

मी इथे समुद्रसंशोधन केंद्रात काय बघतो तेही सांगतो. समुद्राच्या तळाचा गाळ आणतात, त्यात मोहरीहून बारीक असा एक प्राणी असतो. त्याचा अख्खा देह म्हणजे एकच पेशी. डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. तरी तो चुन्याचं घर बांधतो. वाढला की जुन्या खोलीला नवी खोली जोडतो. भिंतीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून देहाचे धागे बाहेर सोडतो आणि अन्न आत ओढून घेतो. नाव फोरॅमिनिफेरा. अप्पा, वाचताना अडखळलात तर फोराम म्हणा.

आता तूच तुलना कर. तुझी माशी आणि माझी पेशी. घर कुणाचं चांगलं?

वैद्यनाथ


तंजावूर
९ फेब्रुवारी १९५८

चिरंजीव वैद्यनाथास आशीर्वाद.

मी अडखळलो नाही. म्हणजे दुसऱ्या खेपेला अडखळलो नाही. तुझ्या पेशीचं तुझ्या आईला फार नवल वाटलं. तोंडच नाही म्हणजे स्वयंपाकाला नावं ठेवायची सोय नाही, असं म्हणाली नि माझ्याकडे पाहिलं.

आता नागलक्ष्मीचा मजकूर.

"तुलना केली. तुमची पेशी स्वतःसाठी खोल्या बांधते आणि त्यांत राहते. आमची माशी दुसऱ्यासाठी बांधते, तिची खोली तिची नाहीच. म्हणून घर माशीचं चांगलं. काल मी उन्हात बसून पाहिलं. दार बुजवताना ती डोक्यानं माती दाबते. दाबून झाली तरी परत येते नि परत दाबते. दार बुजवल्यावर ती कुठे जाते? लेकरू बाहेर निघतं तेव्हा ती तिथे असते का? आणि तुमच्या पेशीला लेकरं होतात का? झाली की ती कुठे असते?"

(शेवटचे प्रश्न तिनं इतके हळू विचारले की मला "काय?" असं दोनदा म्हणावं लागलं. विद्येची गोडी लागलेली दिसते. सविस्तर उत्तर दे.)

बाळकृष्णराव


मंडपम
१८ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप अप्पांस साष्टांग नमस्कार.

नागलक्ष्मीचे प्रश्न मी इथे आमच्या वरिष्ठांना, श्रीनिवासरावांना वाचून दाखवले. ते म्हणाले, तुमच्या जागी तुमच्या बायकोलाच नेमायला हवं होतं.

चि. सौ. नागलक्ष्मी हिस: माशीचं उत्तर सोपं आहे. एक दार बुजवलं की ती दुसरी खोली करायला घेते, आणि काही आठवड्यांत मरते. लेकरू पुढल्या हंगामात माती उकरून बाहेर येतं. आई आणि लेकरू यांची गाठ पडतच नाही.

पेशीचं तर त्याहून मजेदार. वेळ आली की तिचा सगळाच्या सगळा देह लेकरांत वाटला जातो. शंभर-दीडशे लेकरं, प्रत्येकाची एकेक चिमुकली खोली, आणि सगळी बाहेर पडतात. मागे आई म्हणून काही उरतच नाही. रिकामं घर तेवढं. काल काचेखाली मी हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जेवायचंही भान राहिलं नाही.

तेव्हा दोघींत साम्य हे, की आईला लेकरू दिसत नाही. फरक हा, की माशी देऊन झाल्यावर मरते आणि पेशी देण्यातच संपते. मला विचारशील तर पेशीची रीत जास्त सुबक. पसारा नाही.

तुझं यावर काय म्हणणं ते कळव. वाट पाहतो.

वैद्यनाथ


तंजावूर
६ मार्च १९५८

चिरंजीव वैद्यनाथास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पत्र येताच वाचून दाखवलं होतं. "रिकामं घर तेवढं" इथपर्यंत आलो नि नागलक्ष्मी उठून आत गेली. मला वाटलं, दूध उतू जात असेल. पुढचं मी तुझ्या आईलाच वाचून दाखवलं.

तेव्हापासून तीनदा विचारलं, मजकूर सांगतेस का? म्हणते, "काही नाही मामंजी, खुशाल आहे म्हणून लिहा." तर खुशाल आहे. चेहरा मात्र उतरलाय, जेवण नावाला करते. पित्त असावं. रोज धण्याजिऱ्याचं पाणी देतोय. माश्यांचं विचारलं तर म्हणाली, आता दिसत नाहीत. हंगाम सरला असेल.

बाळकृष्णराव


तंजावूर
१० मार्च १९५८

वैद्यनाथा, आईचे आशीर्वाद.

हे पत्र तमिळ अक्षरांत आहे. मला तेवढीच येतात, हे तुला ठाऊक आहे. देवळात जाते सांगून मीच पेटीत टाकणार आहे. तुझ्या वडिलांना कळता कामा नये.

तू एवढा शिकलास, पण तुला अक्कल कधी येणार? नागलक्ष्मीला पाचवा महिना लागलाय. तू दिवाळीनंतर येऊन गेलास, तेव्हाचं. आपल्यात ओटी भरेपर्यंत पुरुषांच्या कानावर घालत नाहीत. तुझ्या कानावर घातलं असतं रे, पण पत्र लिहिणार सासरा, वाचणार सासरा. तिनं त्याला काय सांगावं? मी म्हटलं, चैत्रात तू येशीलच, तेव्हा कळेल. चूक माझीही आहे.

तिची आई तिला जन्म देताना गेली. तिरुवैयारुच्या घरात, मधल्या खोलीत. लग्न ठरलं तेव्हा हे तुझ्यासमोरच बोलणं झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणजे सातव्या महिन्यात ती त्याच खोलीत जाणार. महिनाभर ती ते मनात धरून होती. माश्या बघत बसायची ते त्यापायी. आणि तू काय लिहिलंस? आई उरत नाही, रिकामं घर उरतं, आणि तीच रीत सुबक!

त्या दिवशी ती कोल्लैत दगडावर बसली होती. मी जवळ गेले तर मला म्हणाली, "आत्याबाई, शास्त्रात पण तसंच आहे की. त्यांनी काचेतून पाहिलंय."

आता काय लिहायचं ते तू लिही.

चंद्रमती


मंडपम
१३ मार्च १९५८

सौ. नागलक्ष्मी,

पाकिटावर तुझं एकटीचं नाव मी तमिळ अक्षरांत घातलंय, आत मराठीही तमिळ अक्षरांतच आहे. आपल्या घरात हे पहिल्यांदाच घडतंय. अप्पा फोडतील की नाही, मला सांगता येत नाही. फोडलं तर फोडू देत. हे त्यांनी वाचलं तरी मी लिहिणारच आहे.

आईचं पत्र आलं. मी मूर्ख आहे, नागलक्ष्मी. तुझ्या आईचं मला माहीत होतं. मी ते ऐकलं होतं नि विसरलो होतो. तू विचारलंस, ती कुठे असते, आणि मी तुला गंमत सांगितली. आपल्याला मूल होणार आहे हे वाचून मला पहिल्यांदा आनंद व्हायला हवा होता. पहिल्यांदा लाज वाटली. आनंद संध्याकाळी झाला. समुद्रावर एकटाच होतो, मोठ्यानं हसलो.

हॉलमध्ये वाचल्या जाणाऱ्या पत्रात तुझी आठवण येते असं लिहिता येत नाही. म्हणून मी पेशीबद्दल लिहीत गेलो. आठवण येते. रोज येते.

आता तुलनेचं. मी दोन प्राणी घेतले, शेवटी कोण उरतं एवढंच पाहिलं, आणि आई म्हणजे काय ते ठरवून मोकळा झालो. असली तुलना आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलानं केली तर त्याला परत बसवतात. माशी एकटी राहणारी, आणि पेशी तर बोलूनचालून एक. दोघींना मागेपुढे कुणी नाही. तुझ्याभोवती माणसं आहेत. त्या दोघींवरून तुझं काहीही ठरत नाही. तुझी समजूत काढायला म्हणून हे लिहीत नाही. हे खरं आहे.

नुसत्या शब्दांचा धीर मला द्यायचा नाही. माझा इथला सोबती नटराज, त्याची बहीण सरोजा तंजावुरात मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. तिला आजच लिहिलंय. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. बाळंतपण तिथे करायचं. तिरुवैयारुच्या त्या खोलीत तू जायचं नाहीस. अप्पांना मी वेगळं लिहीन. जुलैअखेर मी रजा टाकली आहे.

मला लिही. तुला येतात त्याच अक्षरांत लिही. किती भीती वाटते तेही लिही.

तुझा
वैद्यनाथ


तंजावूर
१७ मार्च १९५८

चिरंजीव वैद्यनाथास आशीर्वाद.

टपालवाल्यानं काल एक पाकीट दिलं. अक्षर तुझं, लिपी तमिळ, आणि त्यावर माझं नाव नाही. मी ते टेबलावर ठेवलं. चष्मा घातला, काढला. पेपर वाचला, काय वाचलं ते विचारू नको. तीस वर्षं मी सरकारी टपाल फोडलं, पण दुसऱ्या टेबलाचा कागद कधी उघडला नाही. घरात मात्र सगळ्यांचीच पत्रं माझी होती.

दुपारी नागलक्ष्मीला हाक मारली नि पाकीट हातात दिलं. म्हणते, "मामंजी, वाचा ना." मी म्हटलं, माझं नाव नाही त्यावर. ती कोल्लैत निघून गेली. तासाभरानं आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण भूक लागली म्हणाली. ताकभात खाल्ला, दोनदा वाढून घेतला. तेव्हा तुझ्या आईनं मला सगळं सांगितलं. धण्याजिऱ्याचं पाणी बंद केलं आहे.

तिच्या वडिलांना, कृष्णस्वामींना, मी कळवतो की पहिलं बाळंतपण इथे होईल. रीत मोडते, मोडू दे. नातेवाईक बोलतील, त्यांना मी बघून घेईन.

एकच गोष्ट मनातून जात नाही. ते पत्र तू लिहिलंस खरं, पण पोरीनं ते माझ्या आवाजात ऐकलं. मी चांगलं खणखणीत वाचलं होतं रे.

बाळकृष्णराव


तंजावूर
२० मार्च १९५८

तुम्हांस नमस्कार.

मायना काय लिहायचा ते मामंजींना विचारता येत नाही, म्हणून लिहिला नाही. मी कधी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. हसू नका.

भीती किती वाटते ते विचारलंत. पुष्कळ वाटते. पण मरायची तेवढी नाही. मला मावशीनं वाढवलं, कामाक्षीमावशीनं. ती कुणी आलं की सांगायची, "हिच्या आईनं हिचं तोंडही पाहिलं नाही." वाईट मनानं नाही, कौतुकानं सांगायची. मी आत ऐकत असायची. कुणी म्हणे, नाक आईसारखं आहे. मी आरशात नाक बघत बसायची. तिनं पाहिलं असतं तर तीच म्हणाली असती, माझ्यासारखं आहे की नाही ते. मज एवढंच पाहिजे, की मला बघायला मिळावं. बघून झाल्यावर काय व्हायचं ते होऊ दे. असं लिहू नये, पण खरं ते लिहा म्हणालात.

आता तुलनेचं. तुम्ही म्हणता माशीला कुणी नाही. मला पटत नाही. तुम्ही ती पाहिलेली नाही, मी पाहिली आहे. सगळी कोल्लै मोकळी पडली आहे, तरी तीसजणी एकमेकींच्या शेजारीच खणतात. एकटं राहायचं तर शेजारी कशाला येतात? आणि दिसणार नाही त्या लेकरासाठी जी परत येऊन माती दाबते, तिला काहीतरी ठाऊक असलं पाहिजे.

आणि पेशी संपते म्हणालात. सगळीच्या सगळी लेकरांत गेली, तर संपली कुठे? शिकलेल्या माणसानं उत्तर द्यावं.

मलाही येते. आठवण.

नागलक्ष्मी


मंडपम
२६ मार्च १९५८

प्रिय नागलक्ष्मी,

तुझं पत्र मी कुणालाही वाचून दाखवलं नाही. फक्त पेशीचा प्रश्न श्रीनिवासरावांना विचारला. ते आधी हसले, मग काचेखाली पुन्हा पाहत बसले. शेवटी म्हणाले, "खरंच, तिथे मेलेलं असं काही सापडत नाही. घर सापडतं, प्रेत सापडत नाही." म्हणजे तुझं बरोबर आहे, आणि मी ते डोळ्यांनी पाहूनही मला दिसलं नव्हतं. माश्या शेजारी का खणतात, याला माती चांगली असते असं पुस्तकात उत्तर आहे. मला आता ते अपुरं वाटतं.

तू मागितलंस त्याची व्यवस्था केली आहे. डॉक्टरीणबाईंना मी पत्र घातलं, सरोजाकडून त्यांचा होकार आला. मूल झालं की धुण्यापुसण्याच्या आधी, इतर कुणी हातात घेण्याच्या आधी, तुला दाखवायचं. त्या वेळी सरोजा तिथे असेल. विसरली तर तिची माझ्याशी गाठ आहे.

चैत्रात चार दिवस येतोय. तेव्हा तोंडी सगळं. हॉलमध्ये नको, कोल्लैत.

तुझा
वैद्यनाथ


तंजावूर
१९ जुलै १९५८

चिरंजीव वैद्यनाथास अनेक आशीर्वाद.

तार केली होती. तुमच्या कचेरीतून उलट तार आली, की तू बोटीवर आहेस, चार दिवसांनी परतशील. म्हणून हे सविस्तर लिहितो, किनाऱ्याला लागताच मिळेल.

दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. काल सकाळी तिला कळा सुरू झाल्या. घोड्याचा जटका आणून दवाखान्यात नेलं. तुझी आई आत, मी बाहेर बाकावर. तिरुवैयारुहून कृष्णस्वामी आले नि शेजारी बसले. दुपारी धावपळ वाढली. रक्त फार जातंय, असं कुणीतरी घाईघाईत बोललं नि दार लागलं. मग तासभर बाहेर कुणी आलं नाही. कृष्णस्वामी म्हणाले, "वीस वर्षांपूर्वी मी असाच बसलो होतो." मी त्यांचा हात धरून बसलो. आयुष्यात मी व्याह्याचा हात धरीन असं वाटलं नव्हतं.

साडेतीनला दार उघडलं. मुलगी. दोघी सुखरूप आहेत. आधी हेच लिहायला हवं होतं, पण मला क्रमानं लिहायची सवय.

नागलक्ष्मी अशक्त आहे, पण कागद मागते आहे. पुढचं ती स्वतः लिहील. मी खिडकीकडे तोंड करून बसतो.

बाळकृष्णराव

पडूनच लिहिते, म्हणून थोडंच.

सरोजा विसरली नाही. रक्तानं माखलेली, तशीच माझ्यापुढे धरली. माझ्या कानांत सारखा आवाज होत होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी म्हटलं, थांबा, मला नीट बघू द्या. त्या थांबल्या. नाक माझंच आहे. कपाळाला मामंजींसारख्या आठ्या.

मी बघत होते, तेवढ्यात तिनं डोळे उघडले. मज तिला बघायचं होतं, एवढंच मी मागितलं होतं. ती मला बघेल, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.